नकार लेखी द्या

इंदूरच्या कोर्टात मला नावाने कुणी ओळखत नाही. "वो डिलिवरीवाली मैडम" म्हटलं की चहावालासुद्धा माझ्याकडे बोट दाखवतो. गर्भपात, बाळंतपणाची रजा, जबरदस्तीची नसबंदी, असली प्रकरणं मी घेते, म्हणून वकील मंडळींनी माझं हे बारसं केलं. आधी मी चिडायचे. आता म्हणोत बापडे काय म्हणायचं ते.

मागच्या वर्षी इंदूरजवळच्या राऊ गावची एक तरुण शिक्षिका माझ्या विजय नगरच्या ऑफिसात आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून, त्याच्यावर केस करून ती माहेरी राहत होती. दोन महिन्यांची गरोदर होती आणि तिला हे मूल नको होतं. कायद्याने सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते. तरी हॉस्पिटलने तिला दोनदा परत पाठवलं होतं, नवऱ्याची सही आण म्हणून.

"मी मागितली ना सही त्यांना, मॅडमजी," ती म्हणाली. "ते म्हणतात, पहले केस वापस घे, घरी ये, फिर देखेंगे."

माझं डोकंच फिरलं. कायद्यात नसलेल्या सहीच्या जोरावर तो माणूस तिला पुन्हा घरात ओढत होता! आणि दिवस भराभर चालले होते.

माझे आजोबा महूला पलटणीत होते, आवाज मी त्यांचाच घेतलाय. काळा कोट चढवला आणि तिला घेऊन थेट हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर नागपूरकडचे, माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा.

"उद्या नवऱ्याने येऊन तमाशा केला तर? इथे असंच चालतं, मॅडम."

"मग तसं लेखी द्या," मी म्हणाले. "नवऱ्याची सही नाही म्हणून सज्ञान बाईला परत पाठवलं, असं. खाली तुमचं नाव."

तोंडी नाही म्हणायला सगळे शूर असतात, हे मी वकिलीत पुष्कळदा पाहिलंय. डॉक्टरांनी पेन उघडलं, कोऱ्या कागदाकडे बघितलं आणि पेन बंद केलं. मग पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे पाहून विचारलं, "तुमची स्वतःची इच्छा आहे ना?"

"माझीच आहे. और किसकी होगी?"

टेबलावर चढून नाचावं असं वाटलं मला!

तिने संमतीच्या कागदावर ठसठशीत सही केली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवराच होता, आवाज मलाही ऐकू येत होता.

"बोल, सही पाहिजे की नाही?"

"नको," ती म्हणाली. "मी केली."