बार ठेवते, रॅक नेते

लंडनमधल्या ईलिंगला कौन्सिलकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, भाड्यानं मिळालेल्या आमच्या फ्लॅटबद्दल माझी एकच तक्रार होती. तो तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती. आम्ही राहायला आलो तेव्हा सासूबाई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन माझ्या पुढे जिना चढायच्या. मग गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला डॉक्टर हात लावेनात, आणि त्या हिवाळ्यापासून त्यांचं जग म्हणजे बेडरूम, स्वयंपाकघर आणि खिडकी. खिडकीतून बसस्टॉप दिसायचा. कोण किती वाजता कुठली बस पकडतं हे त्यांना पाठ झालं होतं. मी कामावरून आले की पहिली बातमी मिळायची, "ती लाल कोटवाली आज आलीच नाही पाहा." माणसावर अशा बातम्या सांगायची वेळ आली की घर बदलायला हवं, एवढं मला कळतं.

कौन्सिलला विचारलं तर वाट पाहा म्हणाले. किती, ते कुणी सांगेना. मग शाळेच्या किचनमध्ये माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीनं अदलाबदलीचं सुचवलं. म्हणजे आपण आपल्या घराचे फोटो वेबसाइटवर टाकायचे, दुसरा भाडेकरू त्याच्या घराचे टाकतो. दोघांना एकमेकांचं घर पटलं आणि दोन्हीकडच्या कौन्सिलनी होकार दिला की बिऱ्हाडं हलवायची. स्थळं बघण्यासारखंच हे. फोटो सगळे चांगल्या उजेडात काढलेले.

यात भानगड एकच. घर आहे तसं घ्यावं लागतं. आधीच्या माणसाची एखादी वस्तू तुम्ही 'राहू द्या' म्हणालात की ती तुमची. पुढे ती मोडली किंवा अंगावर पडली तरी कौन्सिल ढुंकून बघत नाही. आणि जी तुम्हाला नको असेल ती त्यानं जाण्याआधी काढायची. म्हणून काय राहणार नि काय जाणार हे दोघांनी मिळून ठरवायचं आणि हाउसिंग ऑफिसरला कळवायचं. वाचताना मला हा भाग सगळ्यात सोपा वाटला होता.

एजवेअरचं एक जोडपं मिळालं. साठीच्या आसपासचं, तुडतुडीत. त्यांचं घर तळमजल्यावर होतं, मागे बागेचा तुकडा, आणि दाराला पायरी नाही. त्यांची मुलगी आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायची आणि नुकतीच बाळंत झाली होती. नातवासाठी ती दोघं दीपस्तंभावरसुद्धा राहायला गेली असती.

आधी ती दोघं आमच्याकडे आली, रविवारी. सासूबाईंनी स्टुलावर बसून पोहे केले होते. बाईंना सगळंच लव्हली वाटलं. कार्पेट लव्हली, पडदे लव्हली, बाथरूमही लव्हली. या देशात इतकी वर्षं काढल्यावर मी त्याकडे लक्ष देत नाही. लोक घसा खाकरतात, तसंच ते. पण स्वयंपाकघरात बाई खरोखर थबकल्या. समोर आमचं भिंतीवर ठोकलेलं स्टीलचं रॅक होतं. वर डबे, मधे उभी ताटं, खाली पेले, कडेला कपांचे हूक, चमच्यांना वेगळी जाळी. नागपूरहून जहाजानं आलेलं. बाईंनी एक ताट काढलं, परत ठेवलं, पुन्हा काढलं.

"असं काही मी आयुष्यात पाहिलं नाही. कुठे मिळतं हे?"

सासूबाईंचं इंग्रजी कामापुरतं आहे, पण पाहुणचाराला त्यांना भाषा अडत नाही. "यू लाइक? टेक," त्या म्हणाल्या. "टेक, टेक. युवर्स."

"आर यू शुअर?"

"शुअर, शुअर!"

बाईंनी त्यांना मिठीच मारली. मग दोघांनी पोहे खाल्ले, वरून लिंबू पिळून पुन्हा घेतले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात मी आणि नवरा एजवेअरला गेलो. सासूबाईंना नेण्याचा प्रश्नच नव्हता. घर फोटोतल्यासारखंच होतं, फक्त बैठकीच्या खोलीचे सगळे फोटो एकाच बाजूनं काढलेले होते. दुसऱ्या बाजूला, बागेच्या दारापर्यंत, बार होता. म्हणजे खराखुरा बार. काळपट लाकडाचं जाडजूड काउंटर, त्याच्या कडेनं पितळी कठडा, मागे आरसा, आरशावर उलट्या टांगलेल्या बाटल्या आणि फुटबॉल क्लबांची निशाणं. सासूबाईंची खुर्ची जिथे ठेवायची असं मी फोटो बघून ठरवलं होतं, नेमक्या तिथे.

माझा नवरा बस चालवतो आणि आयुष्यात थेंबाला शिवलेला नाही. पण तो पडला भिडस्त. सगळे गप्प झालेले पाहून त्याला राहवेना. त्यानं काउंटरवर हात फिरवला आणि सुरू केलं. काय लाकूड, काय काम, आता असे कारागीर कुठे! यजमान खुलला. त्यांच्या गल्लीतला पब बंद होऊन तिथे फ्लॅट झाले, तेव्हा काउंटर तोडताना त्यानं हा तुकडा मित्राच्या व्हॅनमधून वाचवून आणला होता. त्याच काउंटरवर त्याची नि बाईंची पहिली भेट झाली होती, वगैरे.

"तुम्हाला एवढा आवडला असेल तर तुमच्यासाठीच ठेवतो," तो म्हणाला.

"टू काइंड, टू काइंड," नवरा म्हणाला. त्याच्या मते हा नकार होता.

परतताना ट्रेनमध्ये मी म्हटलं, "अहो, काय गरज होती एवढ्या कौतुकाची?"

"मग काय, वाईट आहे म्हणू? कुणाच्या घरी जाऊन?"

"काहीच म्हणू नका. पाहुणे म्हणून नव्हतो गेलो आपण, घर बघायला गेलो होतो."

"ते लोक थोडेच खरं धरतात? आपलं बोलायचं म्हणून बोललो."

त्यांनी खरं धरलं होतं. दोन्ही. ऑफिसरचा ईमेल आला, त्यात एजवेअरला राहणाऱ्या वस्तूंत 'बार' होता आणि ईलिंगला राहणाऱ्या वस्तूंत 'स्टीलचं किचन रॅक'. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"कोणतं रॅक?" सासूबाई म्हणाल्या.

"आपल्याकडे एकच आहे, आई. तुम्हीच म्हणालात ना, टेक, टेक."

"म्हणणारच ना बाप्पा! घरी आलेल्या माणसाले काय म्हणू मग? तिनं नको म्हणायचं असते. दोनदा तरी."

"तिनं विचारलं होतं, शुअर का म्हणून."

"एकदा विचारलं. एकदा विचारून का कोणी भिंतीवरचं रॅक घेऊन जाते?"

नवरा म्हणाला, "आईचं रॅक द्यायचं नाही." सासूबाई म्हणाल्या, "शब्द गेला आता, देऊन टाका," आणि अशा आवाजात म्हणाल्या की कुणीही दिलं नसतं. माझं मत विचाराल तर रॅक म्हणजे रॅक. वेम्ब्लीच्या देशी दुकानांत तसलीच मिळतात. तळमजला मिळत असेल तर मी रॅकबरोबर कपाटही दिलं असतं. बारची गोष्ट वेगळी. तो भिंतीसारखा उभा होता आणि मला तिथे खुर्ची हवी होती.

म्हणून मी बाईंना फोन केला आणि सरळ सांगितलं. रॅक घ्या, बार काढा.

पलीकडे बाईंनी दार लोटल्याचं ऐकू आलं. मग दबक्या आवाजात म्हणाल्या, "मला तो कधीच नको होता गं. पण तुमच्या जिन्यात तो वळायचा नाही. म्हणजे करवत लावायची आणि कचऱ्याच्या स्किपमध्ये टाकायचा. बारला चांगलं घर मिळालं म्हणून त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता मी हे बोलले तर तो म्हणेल, मग कशाला जायचं, इथेच बरे आहोत."

बाईंनी सांगून पाहिलं, आणि तो तसंच म्हणाला. दोन दिवसांनी मेसेज आला, आम्ही पुन्हा विचार करतोय. त्या संध्याकाळी सासूबाईंनी खिडकीतून कळवलं की लाल कोटवाली परत आली, रजेवर होती बहुतेक.

"घेऊ ठेवून बार," नवरा म्हणाला.

"आणि विहारातली मंडळी वंदनेला येतील तेव्हा? मद्यापासून अलिप्त राहण्याची शिकवण घेतो म्हणायचं, आणि समोर बार?"

"चादर टाकू."

"केवढी चादर आहे तुमच्याकडे?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "घर माझ्यासाठी घेऊन राहिले ना? मग मले दाखवा आधी."

हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. शनिवारी त्यांना खाली उतरवलं. नवरा घडीची खुर्ची घेऊन पुढे, मी मागे, प्रत्येक वळणावर विश्रांती. "पुढं पाहून चाल, तूच पडशील," असं त्या पूर्ण जिनाभर मुलालाच बजावत होत्या. मिनीकॅबमध्ये बसल्यावर मात्र काचेला नाक लावून बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "एवढी दुकानं कधी झाली?"

एजवेअरला दार उघडलं ते हाताची घडी घातलेल्या यजमानानं. सासूबाई वॉकर ढकलत, पायरी नसलेल्या त्या दारातून सरळ आत गेल्या. बैठकीच्या खोलीत येऊन त्यांनी बार नीट पाहिला. बाटल्या पाहिल्या, निशाणं पाहिली. मी मनात म्हटलं, झालं.

मग त्यांनी वॉकर सोडला आणि काउंटरचा पितळी कठडा धरला.

आता हे सांगायला हवं. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं त्यांना रोज काहीतरी घट्ट धरून ताठ उभं राहायला आणि आधारानं चालायला सांगितलं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी त्यांनी ते दोनदा केलं आणि सोडून दिलं. हाताला पकड मिळत नाही, म्हणाल्या. मला तो बहाणा वाटला होता. इथे त्या दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या राहिल्या, आणि बघता बघता सरळ झाल्या. त्यांची उंची मी विसरलेच होते. मग एका हातानं कठड्यावरून सरकत, बारच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. तिथे बागेचं दार होतं. त्यांनी ते उघडलं आणि चौकटीत उभ्या राहिल्या. बागेत बघण्यासारखं काही नव्हतं, ओलं गवत आणि एक बादली. त्या बघत राहिल्या.

यजमानाची हाताची घडी सुटली होती.

सासूबाई वळून मला म्हणाल्या, "सांग त्याले. बार ठेवते, रॅक नेते."

"आई, असा सौदा नसतो हो."

"तू सांग तर."

मी सांगितलं. यजमानानं बायकोकडे पाहिलं. बायकोचा चेहरा पडला होता. "माझं रॅक?"

"तुला कशाला हवंय रॅक? कपाटं आहेत की आपल्याकडे."

"तुला बार मिळाला ना!"

"मिळाला कुठे, चाललाय!"

"चांगल्या घरी चाललाय. माझ्या ताटांचं काय?"

सासूबाईंनी बाईंचा हात हातात घेतला. "यू कम," त्या म्हणाल्या. "आय गिव्ह पोहे." हे बाकी त्या मनापासून म्हणाल्या. तरी नुसत्या पोह्यांवर बाईंचं समाधान होईना, म्हणून मी मधे पडले. वेम्ब्लीहून तसलंच नवं रॅक आणून आमच्या भिंतीवर आम्ही ठोकून देऊ. "स्टीलचंच ना?" "स्टीलचंच." "चमच्यांची जाळी असलेलं?" "जाळी असलेलं." त्या बदल्यात बाटल्या आणि निशाणं तुम्ही न्यायची, आणि ऑफिसरला आत्ताच्या आत्ता कळवायचं, मी इथे बसलेली असताना. यजमानानं तिथेच फोन काढला. त्याचा विचार पुन्हा बदलण्याआधी मी तो ईमेल गेलेला पाहिला.

आता आम्हाला इथे येऊन वर्ष होत आलं. नागपूरचं रॅक बारच्या मागे, जिथे बाटल्या टांगलेल्या होत्या तिथे बसलंय, जणू मापानं केलेलं. मला खुर्चीला जागा मिळाली नाही, पण खुर्चीत बसायला माणूसही नाही. सासूबाई सकाळी कठड्याशी आपल्या फेऱ्या घालतात, मग वॉकर घेऊन बसस्टॉपवर जाऊन बसतात. बस कुठलीच पकडत नाहीत. इथली लाल कोटवाली कोण, ते अजून ठरायचंय.

परवा विहारातली मंडळी वंदनेला आली होती. बुद्धमूर्ती समोरच्या भिंतीशी, उंच टेबलावर. बार पाठीमागे. चादर वगैरे काही नाही. वंदना झाल्यावर सगळे वळले आणि सासूबाई काउंटरच्या आतून स्टीलच्या पेल्यांत चहा गाळत होत्या. नागपूरकडच्याच एक बाई पितळी कठड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "आई, काय सुंदर आहे हो हे!"

सासूबाईंनी तोंड उघडलं. 'घेऊन जा' अगदी ओठांवर आलेलं मला दिसलं. त्या बाई नको म्हणाल्याच असत्या, दोनदा काय, दहादा.

"हो," सासूबाई म्हणाल्या आणि कठडा धरून पेला पुढे सरकवला. "चहा घ्या."