अकरा पानांचं उत्तर

माझ्या हातून आयुष्यात एकच सरकारी ऑफिस बंद पडलं, आणि तेही मी ते वाचवायला गेलो म्हणून. वाशीमहून रिसोडकडे जाताना लागणाऱ्या एका गावात ते होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथली जुनी माणसं अजूनही मला पाहिलं की तोंड फिरवून पान थुंकतात, आणि तो त्यांचा हक्क मला मान्य आहे.

तेव्हा आमचं सरकार नागपुरात बसे, जिल्हा अकोला होता आणि वाशीम नुसतं तालुक्याचं गाव. धान्यावर कंट्रोल होता. शेतकऱ्याकडून सरकार ठरल्या भावानं ज्वारी उचलायचं आणि त्यासाठी ठिकठिकाणी छोटी ऑफिसं उघडली होती. आमचं ऑफिस म्हणजे कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनाची पुढची खोली, समोर कडुलिंब आणि आत तीन माणसं. एक बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क. दुसरा मी, नुकताच मॅट्रिक झालेला, कच्च्या नोकरीवरचा कारकून. आणि तिसरे मापारीबुवा.

मापाऱ्याचं काम पायलीनं धान्य मोजायचं. बुवांनी ते जन्मभर केलं होतं, पण कंट्रोल येईपर्यंत दुसऱ्यांच्या खळ्यावर. लोकांच्या राशीपुढे उकिडवं बसायचं, मोजायचं, आणि शेवटी देतील ते दोन पसे धान्य पदरात घेऊन उठायचं. सरकारनं त्यांना खाकी कोट दिला, पितळी बिल्ला दिला आणि बसायला स्टूल दिलं. पगार बेताचाच होता. त्या पगाराबद्दल ते कधी बोलत नसत, स्टुलाबद्दल मात्र रोज बोलत. "बाबू, माह्या बापानं सारी जिनगानी मातीवर बसून काढली. मले सरकारनं उचलून वर ठेवलं," असं म्हणून ते स्टुलाचे पाय फडक्यानं पुसायचे. बडेबाबू स्वतःची खुर्चीसुद्धा कधी पुसत नसत.

मग कंट्रोल उठला. देशात आनंदीआनंद झाला आणि आमच्या ऑफिसात शांतता. ज्वारी यायची थांबली, पण ऑफिस बंद करा असं कोणी कळवलं नाही, म्हणून आम्ही रोज वेळेवर उघडत होतो. बडेबाबू सकाळी टपाल पाहायचे. टपाल नसलं तर 'टपाल नाही' अशी नोंद करायचे आणि त्या नोंदीखाली सही करायचे. मी कोऱ्या रजिस्टरांवर पुढच्या वर्षाच्या रेघा मारत होतो. बुवा पायली घासत होते. ती इतकी लखलखीत झाली होती की गावातला न्हावी ग्राहकाला आरसा म्हणून दाखवायला मागून न्यायचा.

असे आठ-नऊ महिने गेले आणि एके दिवशी अकोल्याहून लाल पट्टीचं पाकीट आलं. नागपूरच्या विधानसभेत कुणा सभासदानं प्रश्न टाकला होता. आमच्या खात्यात किती माणसं आहेत, कंट्रोल उठल्यावर ती काय करतात, ती ऑफिसं केव्हा बंद होणार आणि होणार नसतील तर काहून नाही. 'काहून' त्यानं लिहिलं नव्हतं, पण विचारण्याचा सूर तोच होता. प्रत्येक ऑफिसानं आपापलं उत्तर आठ दिवसांत पाठवायचं होतं.

बडेबाबूंनी ते तीनदा वाचलं, चष्मा काढला आणि मला समोर बसवलं. "नीट ऐक. विधानसभेले उत्तर द्यायचं असते, माहिती नसते द्यायची. पहिल्याचं उत्तर, तीन. दुसऱ्याचं, नेमून दिलेलं काम करतात. तिसऱ्याचं, विचाराधीन. चौथ्याचं, प्रश्न उद्भवत नाही. बस. चार ओळी. पाचवी ओळ लेहली की तिच्यातून पाचवा प्रश्न निंघते." एवढं शिकवून ते मुलीचं स्थळ पाहायला चार दिवसांच्या रजेवर गेले. जाताना उत्तर पाठवून दे म्हणाले.

मी पाठवायला बसलो. पण स्टुलावरून बुवा माझ्याकडे बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी लाल पट्टी म्हणजे काय हे त्यांना कळत होतं. "बाबू, ऑफिस उठते काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, उठवायचं म्हणतात. त्यांनी स्टुलाच्या पायांवरून एकदा फडकं फिरवलं. मग म्हणाले, "तुमी पोट्टे हा, तुमाले दुसरी नौकरी भेटन. मले आता परत खाली बसता येत नाही, जी. गुडघे नाही वाकत." गुडघ्यांचं ते खोटं होतं. देवळात ते मांडी घालून तास तास भजन ऐकायचे. पण मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या अंगात जे शहाणपण शिरलं ते त्या वाईट वाटण्यातूनच शिरलं.

शाळेत मला मराठी निबंधाचं बक्षीस मिळालं होतं. ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं. चार ओळींनी बुवांची नोकरी वाचायची नाही असं मी ठरवलं आणि रात्रंदिवस खपून अकरा पानं लिहिली. आमच्या ऑफिसचा शेतकऱ्याला किती आधार आहे, कंट्रोल उठला तरी मापावरचा विश्वास कसा उठलेला नाही, लांबलांबच्या खेड्यांतून लोक आपलं धान्य सरकारी मापानं मोजून घ्यायला कसे येतात, हे सगळं मी लिहिलं. दहाव्या पानावर मला स्फूर्ती आली. 'लोकांची एवढी रीघ असते की जागा अपुरी पडते आणि आयाबायांना लेकरं घेऊन उन्हात तिष्ठत बसावं लागतं,' असं एक वाक्य मी टाकलं. ते लिहिताना माझेच डोळे भरून आले. उन्हात तेव्हा एक कुत्रं झोपलं होतं.

बडेबाबू परत आले, ठेवलेली नक्कल वाचली आणि मटकन बसले. "लेका, जागा पुरते का म्हून कोनं इचारलं होतं?" ते म्हणाले. मुलीचं स्थळही फिसकटलं होतं, त्यामुळे त्या दिवशी मला दोन्हींचं मिळून ऐकावं लागलं.

त्यांचं म्हणणं पंधरा दिवसांत खरं ठरलं. बाकी सगळ्या ऑफिसांची उत्तरं चार-चार ओळींची होती. ती नागपुरात कोणी वाचलीसुद्धा नाहीत. आमची अकरा पानं मात्र वाचली गेली. सभासदांची तीन जणांची समिती हे ऑफिस डोळ्यांनी पाहायला पुढच्या मंगळवारी येणार, असं पत्र आलं. मी तापानं आजारी पडायचं ठरवलं. बडेबाबूंनी घरी येऊन मला उठवलं.

बुवांनी मात्र काही विचारलं नाही. त्यांनी खाकी कोट चढवला आणि आसपासच्या खेड्यांतून हिंडून आले. कोणाला काय सांगितलं कोण जाणे. नंतर कळलं की ते फक्त एवढंच म्हणाले होते, "मंगळवारी माह्याकडं माप हाय. येजा." जन्मभर त्यांनी कोणाला मूठभर कमी मोजलं नव्हतं आणि कोणासाठी मूठभर जास्तही ढकललं नव्हतं. घेणारा आणि देणारा दोघंही ज्याच्या हातावर भरवसा ठेवतात असा मापारी आमच्या भागात दुसरा नव्हता. त्यानं पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसात पोचलो तर कडुलिंबापासून ओढ्यापर्यंत बैलगाड्या लागल्या होत्या. गर्दी पाहून भजेवाला आला, भजेवाला पाहून कासारीण आली, आणि दहाच्या सुमारास एक पाळणेवालाही येऊन खुंट्या ठोकू लागला. आयाबाया खरोखर लेकरं घेऊन उन्हात बसल्या होत्या. माझं दहावं पान जसंच्या तसं समोर मांडलेलं होतं.

समितीची मोटार आली तेव्हा बुवा मोजायला बसले होते. पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन असा त्यांचा खणखणीत आवाज त्या कोलाहलातून ऐकू येत होता. आपलीच ज्वारी आपल्याच पोत्यातून काढून, मोजून, परत आपल्याच पोत्यात भरून लोक हात जोडत होते आणि गाडी वळवून पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहत होते. कारण ज्वारी असलेल्या गाड्या सगळ्या मिळून सातच होत्या. बाकीच्या माणसांनी भरलेल्या होत्या.

तिघांतला एक सभासद स्वतः शेतकरी होता. बाकी दोघे बडेबाबूंची रजिस्टरं पाहत असताना हा बाहेर बैल पाहत उभा होता. एकशिंगी बैल तिसऱ्यांदा समोरून गेला तेव्हा त्यानं गाडीवानाला थांबवलं.

"हा बैल मघाशी येऊन गेला ना?"

"नाही जी," गाडीवान म्हणाला, "तो याचा भाऊ होता."

"त्यालाही एकच शिंग?"

"दोघं एकमेकाइसंगच भांडले, साहेब."

सभासद हसला नाही, पण त्यानं गाडी पुढे जाऊ दिली. दुपारी गावानं रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. वर तूप होतं, आणि समितीला आग्रह करणाऱ्यांची रांग ज्वारीच्या रांगेपेक्षा लांब होती. जेवण झाल्यावर दोघं सभासद आमच्या ऑफिसातच, माझ्या रेघा मारलेल्या रजिस्टरांवर डोकं टेकून झोपले. शेतकरी सभासद बुवांच्या बाजूला जमिनीवर बसून राहिला आणि त्यांचा हात पाहत राहिला. निघताना त्यानं बडेबाबूंना सांगितलं, "माणूस खरा आहे तुमचा." बडेबाबूंनी ते लगेच कागदावर टिपून घेतलं आणि वेळ घातली.

त्या संध्याकाळी आम्ही जिंकलो होतो. बुवांनी मला भजे खाऊ घातले. "तुमच्या लेहन्यानं झालं हे सारं," ते म्हणाले. मी नाही म्हणालो नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात तेव्हा नव्हता.

दोन महिन्यांनी समितीचा अहवाल आला. आमच्या ऑफिसची त्यात तोंडभरून स्तुती होती. कामाचा ताण फार, कर्मचारी तत्पर, मात्र जागा अत्यंत अपुरी, स्त्रिया व मुलं उन्हात. इथपर्यंत वाचून मी खुश झालो, कारण शब्द माझेच होते. पुढे लिहिलं होतं की एवढा व्याप या खोलीत चालवणं लोकांवर अन्याय आहे, म्हणून लोकांच्या सोयीसाठी हे ऑफिस बंद करून अकोल्याच्या मोठ्या ऑफिसात मिळवावं, तिथे पक्क्या शेड आहेत. चार ओळी पाठवणारी बाकीची ऑफिसं पुढे दोन-अडीच वर्षं कोणाच्या लक्षात न येता चालू राहिली. आमचं मात्र फार चांगलं चालतं म्हणून बंद झालं.

माझ्या मसुद्याची वरिष्ठांनी दखल घेतली. मला कायम करून अकोल्याला घेतलं. बडेबाबूंची बदली खामगावला झाली. ते जाताना माझ्याशी बोलले नाहीत, फक्त हाताची चार बोटं वर करून दाखवली. मापाऱ्याचं पद स्थानिक असल्यामुळे त्याची बदली होऊ शकत नव्हती, ते रद्द झालं. कोट आणि बिल्ला जमा करायचा होता. स्टूल यादीत नव्हतं, पण बुवांनी तेही पुसून खोलीत आणून ठेवलं.

मी जमा वस्तूंची यादी पुन्हा तपासत बसलो. बुवाच म्हणाले, "बाबू, तुमी माह्यासाठीच केलं. मले काय समजत नाही काय? आता एक काम करा. अकोल्याले मापारी लागन ना? मी जातो तिथं. तेवढा अर्ज लेहून द्या." मी दौत पुढे ओढली तसे ते घाईनं म्हणाले, "पन या बारीले थोडं कमी लेहजा, जी."

मी चार ओळी लिहिल्या. त्यांनी कागद हातात घेतला, अक्षरांवर आडवी बोटं ठेवून लिखाणाची उंची मोजली आणि मान हलवली. "हे बराबर हाय," म्हणाले, आणि अंगठा उठवला.

तो अर्ज फिरत फिरत सव्वा महिन्यानं अकोल्याच्या ऑफिसात माझ्याच टेबलावर आला. वर साहेबांचा शेरा होता, 'पद उपलब्ध नाही, तसे कळवावे.' कळवण्याचं काम माझं होतं. मी कागद पुढे ओढला, पहिला शब्द लिहिला आणि फाडून टाकला. मग ते पत्र मी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडून लिहून घेतलं. बुवांना वाचता येत नव्हतं, पण माझं अक्षर ते ओळखत.