पंचवीसपैकी बावीस

प्रश्न पाचच होते. गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे कामं किती अडली, धाप किती वेळा लागली, रात्री किती वेळा जाग आली, धाप लागल्यावर घ्यायचा निळा पंप किती वेळा ओढावा लागला, आणि तुम्हाला स्वतःला दमा कितपत आटोक्यात वाटतो. प्रत्येक उत्तराला एक ते पाच. सगळं मिळून पंचवीस. आकडा जितका जास्त, तितका दमा आटोक्यात. वर्षभरात मी हे प्रश्न इतक्या वेळा विचारले की एसटीत डोळा लागला तरी माझे ओठ हलतात, असं माझी मैत्रीण म्हणते. खरं असेल. त्या वर्षात मी बरीचशी झोप एसटीतच काढली.

मी शिरूरला संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते. दौंडकडच्या एका धर्मादाय दवाखान्याला दम्याच्या पेशंटचं वर्षभर काय होतं ते बघायचं होतं. औषधाने किती फरक पडतो, आणि त्यासाठी घरातून किती खर्च होतो. घरोघरी जाऊन फॉर्म भरायला मुलं हवी होती. प्रवासखर्च आणि शेवटी प्रमाणपत्र मिळणार होतं. मी नाव दिलं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे हे करावं की नाही हे विचारायला कुणी नव्हतं. वडिलांनी एवढंच विचारलं की परतीची गाडी कितीची आहे.

माझ्या वाट्याला बावीस घरं आली. दर तीन महिन्यांनी सगळीकडे जायचं. फॉर्मचं पहिलं पान श्वासाचं, दुसरं खर्चाचं. शिवाय माझ्या पिशवीत एक प्लास्टिकची नळी, फुंकायची. पेशंटने जोरात फुंकलं की तिच्यावरचा काटा सरकतो. पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या सरांनी सगळं समजावून सांगितलं. रोज घ्यायचा जांभळा पंप पेशंटना फुकट मिळणार होता. पण तो महाग, आणि मिळणारे पंप मोजके. म्हणून ज्याचा आकडा लागोपाठ दोन फेऱ्यांत वीस किंवा वर जाईल, त्याचा जांभळा थांबवून साधा पंप द्यायचा आणि जांभळा दुसऱ्या गरजूला जाईल. मी हे वहीत लिहून घेतलं, त्याखाली रेघही मारली. मग विसरले.

पाटसच्या पुढे हायवेपासून आत एका वस्तीवर आप्पा राहायचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. आप्पांच्या वेळेपर्यंत कळप संपला होता. दोन एकर रान, चार मेंढ्या, आणि बरीच वर्षं गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारायचं काम. धुरात उभं राहून राहून छाती गेली, असं ते स्वतःच सांगायचे, दुसऱ्याचं काहीतरी सांगावं तसं. त्यांच्या बायकोला मी मामी म्हणायला लागले. त्यांची मुलगी दहावीनंतर घरी बसली आणि मग लग्न होऊन गेली. तिची दप्तराची पिशवी अजून खुंटीला होती, तिच्यात मामी लसूण ठेवायच्या.

पहिल्या खेपेला आप्पांनी सगळं खरं सांगितलं. मी बेरीज केली. त्यांनी विचारलं, किती झाले? मी सांगितलं, अकरा.

"कितीपैकी?"

"पंचवीसपैकी."

आप्पांनी मामींकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "येवढी उन्हाची आली पोरगी, आन् अकराच?"

मी हसले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आमच्यासारख्या घरांत परीक्षेबद्दल एकच प्रश्न असतो, किती पडले. काय शिकलीस हे माझ्या आईला विचारता येत नाही. आकडा मात्र तिला कळतो, आणि तो कमी असला तर ती जेवताना गप्प असते. त्या दोघांनी माझ्यासाठी तसंच तोंड केलं, म्हणून मला त्यात आपलेपणा वाटला. हे मार्क माझे नाहीत, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट पुढच्या सगळ्या घरांत, कुणी विचारलं की मी आकडा सांगत गेले, आणि लोक विचारायचेच. त्या दिवशी आप्पा मला थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत दोनदा थांबले. जनावरं बघतोय असं दाखवून थांबले.

दुसऱ्या फेरीत आप्पांचे वीस झाले. त्यातले काही खरेही असतील, कारण जांभळा पंप तीन महिने चालू होता आणि थांब्यापर्यंत येताना ते या वेळी एकदाच थांबले. तिसऱ्या फेरीत बावीस. नळीवरचा काटाही वर गेला होता. मामींनी चहात जास्त साखर घातली. निघताना मी उठले, तर आप्पा खाटेवरूनच म्हणाले, जा सावकाश. थांब्यापर्यंत आले नाहीत. मला ते जाणवलं होतं. ऊन फार आहे म्हणून नसतील येत, असं मी माझ्या मनाशी म्हटलं, आणि गाडी चुकू नये म्हणून भराभर चालायला लागले. अजून चार घरं बाकी होती आणि पायाला चप्पल लागली होती.

लागोपाठ वीस आणि बावीस, त्यामुळे यादीत आप्पांचं नाव आलं. त्यांचा जांभळा पंप थांबला. सर मला म्हणाले होते, छान, तुझ्या घरांत चांगला फरक पडतोय. मला तेही बरं वाटलं होतं.

महिन्याभराने मला वस्तीवर परत जावं लागलं ते खर्चाच्या पानामुळे. बुडालेली मजुरी हा रकाना मी आप्पांच्या फॉर्मवर मोकळा सोडला होता. सरांनी तो भरून आणायला सांगितलं. मी येणार हे वस्तीवर माहीत नव्हतं. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला, तिथून पाटस, मग चालत. पोचले तेव्हा आप्पा खाटेच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून बसले होते. खांदे वर-खाली होत होते. मला बघून त्यांनी पाठ सरळ करायचा प्रयत्न केला आणि हाताने बस म्हणाले. उशाशी निळा पंप पडला होता. जरा वेळाने त्यांनी पाठ फिरवून तो दोनदा ओढला, मग तोंड पुसून माझ्याकडे वळले.

मी काय करावं ते मला सुचेना, म्हणून फॉर्म काढला. मामींना विचारलं, तुमची मजुरी किती बुडाली. त्या उंबऱ्यावर भाजी निवडत होत्या.

"माझी मजुरी कशाला लिव्हायची? दमा ह्यांला हाय."

"पण कामाला गेला नसाल तर लिहायचं असतं, मामी."

मग कळलं की महिनाभर त्या खुरपणीला गेल्याच नव्हत्या. आप्पांना एकट्याला सोडवत नव्हतं. दोनदा जीपने पाटसच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. हे सगळं त्या असं सांगत होत्या की जणू खर्चात ते धरायचंच नसतं. मी परत पहिलं पान काढलं. चार आठवडे झालेच होते, म्हणून पाच प्रश्न परत विचारायला घेतले. आप्पांचा श्वास आता थोडा खाली बसला होता.

"रात्री किती वेळा जाग येते, आप्पा?"

"न्हाई येत."

"झोपत्यात कुठं जाग यायला," मामी भाजीकडे बघतच म्हणाल्या. "भिंतीला टेकून बसलेलं असत्यात."

"तू गप. पोरीचं मार्क कमी पडत्यात."

माझ्या हातात पेन होतं, ते तसंच राहिलं. मामींनी मग राहिलेलं सांगितलं. माझी फेरी कधी येते याचे दिवस आप्पा धरून असायचे. त्या सकाळी मी यायच्या आधी निळा पंप दोनदा ओढून ठेवायचे, म्हणजे नळी चांगली फुंकली जाईल. पहिले अकरा पडल्यावर त्यांना वाटलं होतं की आपल्यामुळे पोरगी नापास होईल.

"आप्पा, हे मार्क माझे नाहीत," मी म्हटलं.

"मग कुणाचं?"

"तुमचे."

"मला काय करायचं मार्क? मी काय साळंला जातोय?"

मी त्यांना समजावून सांगितलं की याच आकड्यांवर जांभळा पंप थांबला. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "आमाला वाटलं, पंप सगळ्यांचाच बंद झाला." मग त्यांनी पाची प्रश्नांची उत्तरं नीट दिली. आठ झाले. त्यांनी किती ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी दवाखान्यात गेले. सरांसमोर काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, पण उभी राहिल्यावर सगळं उलटसुलट बोलले. सरांनी आधी आप्पांचा जांभळा पंप त्याच दिवशी चालू करायची चिठ्ठी लिहिली आणि वस्तीकडच्या जीपवाल्याकडे द्यायला सांगितली. मग विचारलं, किती घरांत आकडा सांगितलास? मी म्हटलं, सगळ्या. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, म्हणजे तुझ्या बावीसही घरांचे फॉर्म बाजूला काढावे लागतील. जुन्यात खाडाखोड करायची नाही, शेऱ्यात कारण लिहायचं, आणि नवे फॉर्म दुसऱ्या कुणीतरी भरायचे. तू घरात जायचं नाहीस, तुला बघून लोक पुन्हा चांगलंच सांगतील.

मग नवे फॉर्म भरायला माझी मैत्रीण आली. ती केडगावची, तिला या वस्त्या माहीत नव्हत्या, म्हणून वाट दाखवायला मी सोबत जायचे आणि बाहेर लांब कुठेतरी थांबायचे. कुठे गोठ्याच्या मागे, कुठे पाण्याच्या टाकीजवळ. बावीस घरं परत. आणखी पाच जणांचे आकडे निम्म्यावर आले. प्रत्येक वेळी ती बाहेर येऊन फॉर्म पिशवीत टाकायची आणि मान हलवायची, आणि आम्ही पुढच्या घराला निघायचो. ती मला एकदाही काही बोलली नाही. परीक्षा जवळ आली होती आणि माझा अभ्यास मागेच पडला होता.

आप्पांचं घर आम्ही शेवटी ठेवलं. जांभळा पंप परत सुरू होऊन तेव्हा दीड महिना झाला होता. मी हायवेच्या थांब्यावर बसून राहिले. तासाभराने मैत्रीण येताना दिसली. तिच्या मागे, बरंच मागे, आप्पा येत होते. बाभळीपाशी थांबले. मग आले ते थेट थांब्यापर्यंत. मला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"हिनं मार्क सांगितलं न्हाईत," ते म्हणाले. दम खायला थांबले, मग, "तुला म्हाईत आसंल."

"मलाही सांगायचे नाहीत तिने."

"बरं." ते माझ्या शेजारी कट्ट्यावर बसले. "म्हंजी पडलं आसतील कमी."

मैत्रिणीने दुसरीकडे बघितलं. मी बाभळीपासून थांब्यापर्यंतचं अंतर बघत होते. आप्पा एकदाच थांबले होते. फॉर्मवर हे लिहायला जागा नाही, मी मागे एकदा शोधली होती. गाडी आली, ती भरलेली होती, थांबली नाही. आप्पा म्हणाले, दुसरी येईस्तवर बसतो, मला काय काम हाय. मामी खुरपणीला गेल्यात, असंही सांगितलं. मग आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो.