चालून दाखवण्याचे प्रकार

माझी मोठी बहीण मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झाली. बाकी विषयांत ती चांगली होती. गणित तर मला, नववीतल्या धाकटीला, तीच शिकवायची. पण इंग्रजी समानार्थी शब्द तिच्या डोक्यात टिकत नसत. संध्याकाळी घडाघडा म्हणायची, सकाळी पाटी कोरी. गेल्या महिन्यात ती गेली. तिच्याबद्दल लिहायला बसले की रडू येईल असं वाटलं होतं, पण आठवतात ते डोंबिवलीच्या ओट्यावरचे दिवस, आणि हसूच येतं.

दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा वडील म्हणाले, "कल्याणचं एक स्थळ आलंय. जमलं, तर आता परीक्षा पुरे. नाहीच जमलं, तर ऑक्टोबरला बस."

ताईला शाळेत शिकवायचं होतं आणि मॅट्रिकशिवाय ते होण्यासारखं नव्हतं. ती पुस्तक घेऊन ओट्यावर आली. मला म्हणाली, "तोवर इंग्रजी तर करून ठेवू."

त्या आठवड्यात आम्ही 'वॉक'पाशी अडलो होतो. मराठीत चालणं एकच. झपझप, रमतगमत, पाय ओढत, असा एखादा शब्द आधी लावला की काम भागतं. इंग्रजांनी मात्र जवळजवळ प्रत्येक चालीला निराळं क्रियापद दिलेलं. "एवढी पाठ करण्यापेक्षा चालत निघाले असते तर एव्हाना खडवलीला पोचले असते," ताई म्हणाली.

मी रस्त्याकडे बोट केलं. खाडीकडून येणारी कोळीण डोक्यावर माशांची पाटी घेऊन लांब ढांगा टाकत चालली होती. "ही स्ट्राइड." समोरचे पेन्शनर आजोबा छत्री फिरवत, दर झाडापाशी थांबत येत होते. "हे स्ट्रोल." तेवढ्यात आई विहिरीवरून भरलेली कळशी आणि हंडा घेऊन, ओझ्यानं जड पावलं टाकत आली.

"ट्रज?" ताईनं हळूच विचारलं.

"अगदी बरोबर."

"काय गं, मला नावं ठेवताय?" आई म्हणाली.

"नाही गं, क्रियापद ठेवतोय," ताई म्हणाली.

त्या दिवसापासून ताई घरभर क्रियापदं चालू लागली. डोक्यातून निसटणारे शब्द पायांत मात्र पक्के बसले.

पुढच्या रविवारी कल्याणची मंडळी आली: मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. भरतकाम पाहून झालं, स्वयंपाकाचं विचारून झालं. मग आत्याबाई म्हणाल्या, "जरा दारापर्यंत चालून दाखव बाळ." तेव्हा ही रीतच होती. मुलीच्या पायात काही दोष तर नाही, ते पाहून घ्यायचे.

ताई उठली आणि उभीच राहिली. "कशी चालू?"

"कशी म्हणजे? चालतात तशी."

"इंग्रजीत पुष्कळ प्रकार आहेत."

आई खोकली. मुलाच्या वडिलांना मात्र गंमत वाटली. "बघू तरी," ते म्हणाले.

ताईनं पदर सावरला. "स्ट्रोल," म्हणून ती आजोबांसारखी दारापर्यंत गेली. "स्ट्राइड," म्हणून कोळणीच्या ढांगांनी परत आली. मग काखेत नसलेली कळशी धरून ट्रज झालं. मुलगा रुमाल तोंडाशी धरून बसला होता. आमचे वडील छताकडे पाहत होते.

"आणि लंगडण्याला काय म्हणतात?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"लिंप," ताई म्हणाली, आणि डावा पाय ओढत खोलीला एक फेरी घालून आली. इतकं हुबेहूब, की क्षणभर मलाही शंका आली.

आठ दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आले. मुलगी हुशार आहे, पण डाव्या पायात थोडा दोष दिसतो, असं आत्याबाईंचं म्हणणं पडलं. बाकीच्या चाली तिनं निभावून नेल्या, पण शेवटी खरं ते बाहेर आलंच.

"अहो, ती करून दाखवत होती," वडील म्हणाले.

"आत्याबाई म्हणतात, इतकं चांगलं करून दाखवता येत नाही."

 ताईवर रागवावं की आत्याबाईंवर, हे दोन दिवस वडिलांचं ठरेना. तिसऱ्या दिवशी जेवताना पानाकडे पाहत म्हणाले, "ऑक्टोबरला बस."

ते तू मुद्दाम केलंस का, असं मी ताईला त्या रात्री विचारलं आणि पुढेही अनेकदा. "त्यांनी विचारलं, मी सांगितलं," याहून जास्त ती कधी बोलली नाही.

परीक्षेचं केंद्र कल्याणला होतं. वडील रजा काढून तिच्याबरोबर गेले. स्टेशनातून बाहेर पडल्यावर त्यांनी तिला चार पावलं पुढे चालायला लावलं, तेही भर बाजारातून. "सरळ चाल. झपझप. बघू देत सगळ्यांना." वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की ते थांबून बोलत आणि तिला सांगत, "तू हो पुढे, थांबू नकोस."

ताई केंद्रावर पोचली ती धापा टाकतच. पहिली दहा मिनिटं हातात पेन नुसतं धरून बसले होते, असं तिनं घरी आल्यावर सांगितलं. पण इंग्रजीत ती पास झाली, आणि पुढच्या जूनमध्ये ठाण्याच्या एका शाळेत तिला पहिलीचा वर्ग मिळाला.