पुन्हा उपवर

परभणीतल्या एका वधूवर सूचक मंडळात मी कंप्युटर सांभाळते. मंडळ म्हणजे एक खोली, मी आणि अध्यक्ष, म्हणजे गणिताचे रिटायर सर. नवा कंप्युटर घेताना सरांनी विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून घेतलं. पण आमच्या स्थळांच्या डेटाबेसचं जुन्या विंडोजशिवाय पान हलत नाही. मग मी लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन उभं केलं. खऱ्या कंप्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरचा दुसरा कंप्युटर, त्यात विंडोज आणि त्यात सगळी स्थळं. सरांना यातलं ओ की ठो कळलं नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अभिमानानं दाखवू लागले.

त्या स्थळांत एक मीही होते. वडिलांनी नाव घातलेलं. पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येण्याचा मला वीट आला होता. आषाढात वडिलांना एकदाचं पटवलं आणि माझी नोंद मीच पुसली. त्या संध्याकाळी इतकं मोकळं वाटलं, की एकटीसाठी जिलेबी घेऊन गेले.

खंडेनवमीला सरांनी मशीनची पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडू, उदबत्ती. ‘आज हत्याराला आराम,’ म्हणत त्यांनी सरळ प्लगच ओढला. आत विंडोज चालू, डेटाबेस उघडा. दसऱ्यानंतर बाहेरचा कंप्युटर ठणठणीत उठला, आतला काही केल्या उठेना. शेवटी मी चैत्रातल्या स्नॅपशॉटवर परत गेले. स्नॅपशॉट म्हणजे आतल्या कंप्युटरची त्या घडीला जशी होती तशी राखून ठेवलेली अवस्था.

‘मधली लग्नं भरून होईपर्यंत कुणाला फोन करू नका,’ असं मी बजावलं होतं. सरांनी ऐकलं तर ते सर कसले! वैशाखात उजवलेल्या मुली यादीत पुन्हा कुमारी झाल्या होत्या. पेडगावच्या एका घरी ‘तुमच्या लेकीसाठी झकास स्थळ आलंय’ हे त्यांनी थेट जावयालाच ऐकवलं.

यादीत मीही पुन्हा उपवर झाले होते. सरांना तो देवीचा कौलच वाटला. मला पत्ता लागू न देता त्यांनी पालमच्या मंडळींना ऑफिसातच बोलावलं.

मुलाच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सर म्हणाले, ‘लय हुशार पोरगी हाय. कंप्युटरच्या आत कंप्युटर चालवायलीय.’

‘लग्नानंतर ते समदं बंद करावं लागंल,’ बाई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. ‘मावशी, प्लग ओढून ते कायमचं बंद होत न्हाई,’ मी म्हणाले. ‘आमच्या सरांनी करून बघितलंय.’

सर खोकत बाहेर गेले. मी मंडळींना चहा पाजला आणि पालमच्या एसटीचा टाइम सांगितला. मग माझी नोंद पुन्हा काढून टाकली, आतलं विंडोज रीतसर बंद केलं, चैत्रातला स्नॅपशॉट पुसला आणि नवा घेतला. पुढच्या खंडेनवमीला सरांनी खुशाल प्लग ओढावा. मशीन मागं जाऊन जाऊन जाईल ते आजच्या दिवसापर्यंत, आणि आजच्या यादीत मी नाही.