पॅरिश क्लार्कच्या मागोमाग

शर्यत जिथे संपते तिथे मॅलकी टूही कधीच उभा राहायचा नाही. सगळा गाव दोरीला चिकटून शेवटच्या टप्प्यावर घसा फोडत असायचा, आणि हा पठ्ठ्या पार उताराच्या तळाशी, चिखलात बूट रुतवून, एका कुंपणापाशी एकटाच.

"जिंकलं कोण ते भोंग्यावरून कळतंच," तो म्हणायचा. "उडी मारल्यावर घोडा जमिनीवर कसा उतरला, ते कोण सांगणार?"

एरवी तो डेअरीत दुधाचे टँकर उतरवून घ्यायचा. पण टिपररी परगण्यातल्या आमच्या भागात त्याची ओळख होती ती साप्ताहिकातल्या मजकुरामुळे. रविवारी कुठल्या शेतावर शर्यत आहे, कोणते घोडे धावणार आहेत, आणि त्यातल्या कुणाकडून किती आशा ठेवायची, हे मॅलकी गुरुवारच्या अंकात लिहायचा. सपाट मैदानावर पळणाऱ्या घोड्यांना तो विचारायचाच नाही. "ते काय, पळतात," इतकंच. आमच्याकडच्या शर्यतीत तीन मैल चिखल तुडवायचा आणि वाटेत माणसाच्या छातीएवढी फांद्यांची कुंपणं ओलांडायची. तिथे वेग सगळ्यात शेवटी मोजायचा. पाऊस किती झालाय, पाठीवर वजन किती, दम कुठे संपतो, आणि दम संपल्यावर घोडा काय करतो, हे आधी. एका घोड्याबद्दल त्याने लिहिलं होतं, 'हा भरपेट जेवलेल्या पाद्र्यासारखा उडी मारतो, तेव्हा रविवारी त्याला घरीच झोपू द्यावं.' घोड्याचा मालक दोन महिने त्याच्याशी बोलला नाही. आमचे फादर मात्र खूप हसले.

माझं आणि माझ्या नवऱ्याचं चौकात दुकान होतं. पुढे किराणा, मागे बिअरचा बार. शनिवारी संध्याकाळी मॅलकी तिथे बसायचा आणि माणसं त्याच्याभोवती. सगळं छान चाललं होतं. मग त्याची मुलगी ईटा घोड्यावर बसायला लागली.

ईटा म्हणजे हाडाने काटकुळी, पण मनगटं लोखंडाची. लोकांचे घोडे शर्यतीसाठी तयार करणाऱ्या कॉन लेसीच्या पागेत ती कामाला होती. आधी शेण काढायची, मग घोडे फिरवायची, आणि एका हिवाळ्यात शर्यतीत उतरली. पहिल्याच रविवारी मॅलकीचा मजकूर बदलला. बाकी घोड्यांबद्दल नेहमीसारखं खडखडीत, आणि ईटाच्या घोड्यापुढे फक्त, 'याच्याबद्दल मला बोलता येणार नाही.'

बारमध्ये तर त्याला कुणी सोडेना.

"काय रे मॅलकी, जीभ आखडली का?"

"पोरगी वरून पडायच्या आधी तूच खुर्चीवरून पडशील!"

तो हसायचा, पण ग्लासातलं तसंच राहायचं. त्याची बायको फिलोमिना मला एकदा म्हणाली, "पेग, हा झोपेत पाय झाडतो गं. कुंपण आलं की मला लाथ बसते."

त्या वर्षी मार्चमध्ये आमच्याच गावात, डेलाहंटीबाईंच्या कुरणावर शर्यत ठरली. दोन आठवडे पाऊस थांबला नव्हता. कॉन लेसीने ईटाला टिंकर्स केटल नावाचा घोडा दिला. काळाकुळकुळीत, देखणा, आणि पागेतला सगळ्यात ताकदवान. ईटाचे पाय जमिनीला लागेनात.

मी अंडी द्यायला म्हणून त्यांच्याकडे गेले, तर स्वयंपाकघरात बापलेकीची जुंपलेली. फिलोमिना चुलीकडे तोंड करून बटाटे सोलत होती. एरवी इतकी जाड सालं ती कधी काढायची नाही.

"मी त्याला सरावात पाहिलंय, ईटा. ताजा आहे तोवर ठीक. दमला की डावीकडे कलतो आणि कुंपण न बघताच उडतो. या चिखलात तो दमणार. उतारावरच्या कुंपणाला तो छाती घालणार."

"डॅडी, घोड्यावर मी असणार आहे. कलला तर सावरीन."

"सावरायला वेळ मिळाला पाहिजे ना!"

"इतकी वर्षं तू दुसऱ्यांच्या पोरांच्या घोड्यांबद्दल हेच लिहिलंस. तेव्हा कुणाच्या घरी जाऊन म्हणालास का, की पोराला बसू देऊ नका?"

मॅलकी माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच काहीतरी बोलेन. मी अंडी टेबलावर ठेवली आणि निघाले.

त्या गुरुवारी त्याने ठरवलं असणार की आता गप्प बसायचं नाही. टिंकर्स केटलबद्दल त्याने लिहिलं, 'पाठीवर कुणीही बसो, या चिखलात मी याला पागेबाहेर काढणार नाही.' आणि डेलाहंटीबाईंच्या पॅरिश क्लार्क या घोड्याबद्दल लिहिलं, 'वय झालंय, वेग बेताचाच. पण याने आजवर एकही उडी चुकवलेली नाही. ज्याला सुखरूप घरी यायचंय त्याने याच्या मागोमाग जावं.'

शनिवारी कॉन लेसी दुकानात आला तोच दार आपटत.

"मॅलकी, माझ्या घोड्याला खुनी ठरवलंस तू! मालक फोन करून विचारतायत, घोडा काढून घेऊ का म्हणून."

"काढू दे त्यांना."

"हे घोड्याबद्दल लिहिलंस की पोरीबद्दल? खरं सांग."

मॅलकी म्हणाला, "घोड्याबद्दल." आणि मग, "मला वाटतं घोड्याबद्दलच."

कॉनचा राग तिथेच उतरला. त्याचाही मुलगा एकेकाळी शर्यतीत घोडे पळवायचा. "मी तिला नीट सांगून पाठवतो," इतकं बोलून तो गेला.

रविवारी पाऊस थांबला, पण वारा असा की छत्र्या उलट्या व्हाव्यात. शर्यतीआधी लोकांना बघता यावेत म्हणून घोडे रिंगणात फिरत होते आणि मॅलकी कठड्याला टेकून उभा होता. मी शेजारीच होते. केटल समोरून गेला की मॅलकीची मान त्याच्यासोबत वळायची, आणि केटल पलीकडच्या वळणावर गेला तरी नजर तिथेच. निळा सदरा घातलेली ईटा वरून हसली. त्याने हात हलवला नाही. घोडे निघायच्या आतच तो उतारावरच्या आपल्या कुंपणाकडे चालायला लागला. मीही त्याच्यामागे गेले. त्या दिवशी त्याला एकटं सोडावंसं वाटेना.

पहिल्या फेरीला घोडे आले तेव्हा जमीन हादरली. केटलने ते कुंपण असं काही ओलांडलं, की मॅलकीच्या तोंडून "वा रे!" निघून गेलं. ईटा घाई करत नव्हती. पॅरिश क्लार्कच्या अगदी मागे, त्याच्या शेपटीला लागून ती घोडा आणत होती. पुढचा उडाला की हा उडायचा. क्लार्कला पाहून केटल जणू शहाणा झाला होता.

"बघितलंस ना, पेग? किती शहाणी पोर आहे! बरोब्बर त्याच्या मागे."

दुसऱ्या फेरीत कितीतरी घोडे दमून मागे पडले होते. उतारावरून तिघं खाली आले. सगळ्यात पुढे क्लार्क, त्याच्या मागे केटल. मॅलकी केटलचा डावा खांदा बघत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून पुढे काय झालं ते मला आधी ऐकूच आलं. फांद्या मोडल्याचा आवाज. मान वळवली, तर पॅरिश क्लार्क कुंपणावरून पोत्यासारखा पलीकडे पडत होता. आजवर एकही उडी न चुकवलेला घोडा यावेळी उडालाच नव्हता. आणि केटल, ज्याने खांदा कलवला नाही की पाऊल चुकवलं नाही, तो सुरेख झेप घेऊन थेट त्याच्या अंगावर उतरला.

ईटा हवेतून लांब फेकली गेली. केटल धडपडत उठला आणि मोकळाच पळाला. उठताना त्याचं अंग तिच्यावरून गेलं.

या वयात मॅलकी कडेच्या दोरीखालून कसा घुसला, मला माहीत नाही. मी पोचले तेव्हा तो तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला होता, आणि हात लावावा की नाही हे न कळून दोन्ही हात हवेत धरले होते. ईटाचे डोळे उघडे होते. "पाय आहेत का माझे?" तिने विचारलं. क्लार्कचा स्वार थोड्या अंतरावर बसून उलटी करत होता, त्याला फारसं लागलं नव्हतं. पडलेला घोडा लोकांना दिसू नये म्हणून क्लार्कभोवती माणसांनी हिरवे पडदे धरले होते. पण पडद्याआड काही करायचं उरलंच नव्हतं.

पाय होते. कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं, मणका वाचला होता. इस्पितळात पहिले दोन दिवस ती औषधाच्या गुंगीत होती. फिलोमिना उशाशी, मॅलकी पायाशी. मी सूप घेऊन गेले तेव्हा ती अर्धवट जागी झाली आणि बापाकडे बघून म्हणाली, "डॅडी, मी तुझं ऐकलं होतं. त्याच्याच मागे होते."

तिच्या बोलण्यात बोल लावायचा सूर नव्हता. चूक आपली नव्हती, एवढंच लहान पोरासारखं सांगत होती. मॅलकी उठून बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला.

गावात कुणीच त्याला दोष दिला नाही. कॉन लेसी येऊन गेला, फादर येऊन गेले. जो तो म्हणे, "तुला काय ठाऊक असणार?" हे वाक्य ऐकलं की त्याचा चेहरा आणखी बारीक व्हायचा. ठाऊक असणं हेच तर आजवर त्याचं काम होतं.

काही दिवसांनी डेलाहंटीबाई त्यांच्याकडे आल्या. पंचाहत्तरीच्या, पुरुषी टोपी घालणाऱ्या, कुणापुढे न रडणाऱ्या. क्लार्क त्यांच्याच तबेल्यात जन्मलेला. त्यांनी चहा घेतला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"घोड्यांच्या डॉक्टरने क्लार्कला तपासलं, मॅलकी. काळीज फुटलं होतं त्याचं. कुंपणाला पोचायच्या आधीच संपला होता तो. त्याची उडी चुकली नाही. तू लिहिलंस ते खरंच होतं. मला वाटलं, तुला हे कळलं पाहिजे."

"रिंगणात कसा होता तो?" मॅलकीने विचारलं.

बाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"सांगा ना."

"मानेवर घाम होता," त्या शेवटी म्हणाल्या. "एवढ्या गार वाऱ्यात. मला जरा विचित्रच वाटलं. पण म्हटलं, मॅलकी तिथे उभा आहे. काही बिघडलं असतं तर तो येऊन बोलला असता."

मॅलकीने कप खाली ठेवला. "मी त्याच्याकडे बघितलंच नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. सगळा वेळ मी केटलकडे बघत होतो."

"तुझी पोर त्याच्यावर होती रे बाबा."

"म्हणूनच तर."

डेलाहंटीबाईंनी आपला सुरकुतलेला हात त्याच्या हातावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. फिलोमिनाने मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पेग, लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं."

त्याने लिहिणं सोडलं. संपादक दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळेला तर म्हणाला, "नुसती घोड्यांची नावं तरी दे." मॅलकी म्हणाला, "नावं कुणीही देईल." आता एक शिकलेला तरुण लिहितो, बरं लिहितो. शनिवारी मॅलकी दुकानात यायचा, पण पुढच्या बाजूला, साखर-चहा घ्यायला.

ईटा कुबड्यांवर आली, मग काठीवर, आणि काठी सुटली तेव्हा पुढचा उन्हाळा संपत आला होता. एके दिवशी तिने जेवताना सांगून टाकलं, "कॉनने मला घोडा दिलाय. नोव्हेंबरातल्या शर्यतीला."

फिलोमिना ताटावरून उठून गेली. मॅलकी जेवत राहिला. ईटाला वाटलं, आता भांडण होणार. पण तो एवढंच म्हणाला, "कंबर धरते का थंडीत?"

"धरते."

"मग जाड पट्टा बांध."

नोव्हेंबरात त्या शर्यतीला त्यानेच तिला गाडीतून नेलं. फिलोमिना आली नाही, मी गेले. मैदान लांबचं, अनोळखी. शर्यतीच्या आधी ईटा रिंगणाबाहेर त्याच्यापाशी आली. तोंड पांढरं पडलेलं.

"डॅडी, काय वाटतं तुला?"

मॅलकी बराच वेळ सगळ्या घोड्यांकडे बघत राहिला. एकेकाकडे, सारखाच वेळ. मग म्हणाला, "मला सांगता येत नाही, पोरी. उजवीकडची जमीन जरा कोरडी आहे, तिकडून चाल. पुढचं खरंच सांगता येत नाही."

"कुणाच्या मागे राहू?"

"कुणाच्याच नको. जिथून तुला कुंपण दिसेल तिथे राहा."

तिने मान हलवली. तिला बरं वाटलं की आणखी भीती वाटली, मला समजलं नाही. शर्यत चालू असताना तो कुंपणाजवळ गेला नाही आणि दोरीपाशीही नाही. गाडीला टेकून, मैदानाकडे पाठ करून, भोंग्यावरचा आवाज ऐकत उभा राहिला. मध्येच एक घोडा पडल्याचं सांगितलं, नाव नीट ऐकू आलं नाही. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. मग पुन्हा नावं ऐकू आली, त्यात तिच्या घोड्याचं होतं.

ती चौथी आली. चिखलाने माखलेली, लंगडत, खोगीर हातात घेऊन गाडीकडे आली. "चौथी!" ती म्हणाली, जणू पहिलीच आली होती. मॅलकीने तिच्या हातातून खोगीर घेतलं.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर झोपली. रस्ता खराब होता. पुढचा प्रत्येक खड्डा दिसला की मॅलकी वेग कमी करायचा, गाडी बाजूने काढायचा आणि आरशात बघायचा. मागे गाड्यांची रांग लागली, लोक भोंगे वाजवायला लागले. त्याने एकदाही वेग वाढवला नाही.