मोदकपात्रातला उंदीर

माझ्या नवऱ्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही, आणि त्याच्या या चांगुलपणाची फळं आजवर मी भोगत आले आहे. दोन हजार पाच सालच्या जूनमध्ये एका शनिवारी सकाळी तो कचरा टाकायला खाली गेला. कचरा टाकायचा आणि रिकाम्या हातांनी वर यायचं, एवढंच काम होतं. तेही धड जमलं नाही. येताना काचेची पेटी घेऊन आला, आणि पेटीत साप होता.

अमेरिकेतल्या आमच्या रेडमंडच्या अपार्टमेंटमधलं कुणीतरी जागा सोडून गेलं होतं. जाताना कचऱ्याच्या डब्यापाशी जुना सोफा, शेड नसलेला दिवा आणि हा साप ठेवून गेलं होतं. हाताएवढा लांब, तपकिरी, अंगावर काळे पट्टे. पोट आत गेलेलं, कातडी सुरकुतलेली, तोंडाच्या कडेला पिवळा पू. मी दारातच विचारलं, हे काय आणलंस? तर म्हणे, "तूच बघ ना जरा. तू झूलॉजी केलंयस."

झूलॉजी म्हणे! बारा वर्षांपूर्वी नागपूरला बीएस्सी करताना मी एक झुरळ आणि दीड बेडूक कापला होता. दीड अशासाठी, की दुसरा बेडूक अर्ध्यावर असताना शुद्धीवर आला आणि मी बेशुद्ध पडले. तेवढ्या भांडवलावर या माणसाने मला सर्पतज्ज्ञ करून टाकलं आणि पुढच्याच आठवड्यात ऑफिसच्या कामासाठी सहा आठवडे पुण्याला निघून गेला. विमानतळावर म्हणाला, काळजी घे. कुणाची, ते काही सांगितलं नाही.

घरात आम्ही तिघं उरलो. मी, साप आणि सासूबाई.

सासूबाई एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, आणि केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय वाढदिवसाला टाळीही न वाजवणाऱ्या. साप बघून त्या किंचाळतील, तिकीट बदलून परत जातील, असा माझा अंदाज होता. आता लपवायचं कशाला, थोडी आशाही होती. पण त्यांचं माहेर शिराळ्याच्या बाजूचं. लहानपणी नागपंचमीला त्यांनी नाग हातभर अंतरावरून बघितलेले. त्यांनी चष्मा पुसला, पेटीवर वाकल्या आणि म्हणाल्या, उपाशी आहे गं हा. मी इंटरनेटवर वाचून सांगितलं की हा नाग नव्हे, बॉल पायथन, अजगरातली बुटकी जात. फणा नाही म्हणून काय झालं, असं म्हणून त्यांनी पेटीला हळदकुंकू लावलं.

सापांवर उपचार करणारी डॉक्टर पाऊण तासाच्या ड्राइव्हवर होती. मागच्या सीटवर पेटी, तिला सीटबेल्ट, आणि पुढे मांडीवर रस्त्याचे प्रिंटआउट घेऊन सासूबाई. डॉक्टरने सापाचं तोंड उघडून बघितलं. तोंडात इन्फेक्शन, अंगात पाणी नाही, कित्येक महिने पोटात अन्न नाही. दर तीन दिवसांनी इंजेक्शन द्यायचं, तेही घरी, आपल्या हाताने. आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती म्हणजे ही मादी आहे. काय म्हणते गं, असं सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, बरा होईल म्हणते.

खोटं बोलले, कारण येताना गाडीत त्यांनी त्याला भाऊ करून टाकलं होतं. त्यांच्याकडे नाग म्हणजे बायकांचा भाऊच. पंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपास धरायचा, दुसऱ्या दिवशी नागाची पूजा करून सोडायचा. सासूबाईंनी तो लहानपणापासून कधी चुकवला नव्हता. यंदा मात्र आल्या आल्याच मला म्हणाल्या होत्या, आता कुणासाठी धरू? त्यांचा एकुलता एक भाऊ जानेवारीत गेला होता.

नुसता गेला असता तर त्यांनी सोसलं असतं. पण त्यांच्या मते तो रागावून गेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि नेमक्या तेव्हा या आमच्याकडे रेडमंडला होत्या. तिकीट बदलायला पैसे फार पडतात, राहू दे, असं माझा नवरा म्हणाला, आणि या राहिल्या. पुढे भाऊ दवाखान्यात पडला तेव्हा महिनाभर रोज डबा घेऊन गेल्या. तो घास तोंडाशी नेला की मान फिरवायचा. भावजयीच्या हातचं मात्र खायचा. ही गोष्ट त्यांनी मला एप्रिल ते जुलै इतक्या वेळा सांगितली, की मला ती तोंडपाठ झाली होती. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, माझ्या हातचं नको झालं त्याला.

इंजेक्शनचं म्हणाल तर मी सुई हातात घेतली आणि परत ठेवून दिली. सासूबाई मात्र पंधरा वर्षं स्वतःला इन्सुलिन टोचत होत्या. त्यांनी मला साप धरायला लावलं, पदर खोचला आणि सुई अशी सफाईने घातली की सापालाही कळलं नसेल. शेजारच्या टेबलावर त्यांचं इन्सुलिन, त्याचं औषध, दोन्ही ओळीने मांडलेलं. त्याच्या इंजेक्शनच्या दिवशी सकाळी आधी स्वतःला, मग त्याला. तीन आठवड्यांत तोंडातला पू गेला, जीभ बाहेर येऊ लागली. मी फोनवर नवऱ्याला सांगितलं की तुझ्या आईने साप बरा केला. कॉलिंग कार्ड संपायच्या आत तो म्हणाला, मला माहीतच होतं तू करशील.

पण साप जेवेना.

त्याचं जेवण म्हणजे गोठवलेले पांढरे उंदीर. पेट स्टोअरमधून आणून ते मी फ्रीझरमध्ये खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी, तशाच दुसऱ्या डब्यात ठेवले होते. वर 'औषध' अशी चिठ्ठी. एका पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, आमच्या एका मैत्रिणीने घाईत खोबरं समजून तोच डबा उघडला. त्यानंतर आमच्या घरी पॉटलक झालं नाही.

दर सोमवारी मी एक उंदीर बाथरूमच्या मगमध्ये नळाच्या पाण्यात टाकून मऊ करायची. माझ्या स्वयंपाकातलं एकही भांडं त्याला लागू दिलं नाही. गरम करून द्या, असं डॉक्टरने सांगितलं होतं. पण तिला काय जातंय सांगायला? उंदराला ऊन पाणी घालायचं म्हणजे माझं पातेलं आलं. मग मी लांब चिमट्यात तो उंदीर धरून, डोळे मिटून पेटीत सोडायची आणि पळायची. साप जीभ काढायचा, जवळ यायचा, आणि मान फिरवून कोपऱ्यात जाऊन बसायचा. चार सोमवार गेले. प्रत्येक वेळी सासूबाई पेटीपाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि सापाने मान फिरवली की स्वतःशीच म्हणायच्या, हाही तसाच.

मला राग यायचा. सापाचा, नवऱ्याचा, आणि त्यांच्या त्या 'हाही तसाच'चाही. एवढी सेवा करायची आणि वर स्वतःलाच दोषी धरायचं! किचनच्या काट्यावर सापाचं वजन दर आठवड्याला उतरत होतं. शेवटी डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, आणखी एकदा प्रयत्न करा, उंदराच्या डोक्याला जरा चीर द्या म्हणजे वास सुटेल. नाहीच खाल्लं तर मंगळवारी सकाळी घेऊन या, घशात नळी घालून बघू. पण ती फार अशक्त आहे, नळी झेपली नाही तर तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागेल. सासूबाईंनी विचारलं काय म्हणते. या वेळी मी सगळं खरं सांगितलं, फक्त मादीचं सोडून.

आणि तो सोमवार नेमका नागपंचमीचा निघाला.

रविवारी सासूबाईंनी उपास धरला. मी आनंदाने साबुदाण्याची खिचडी केली, ती त्यांनी खाल्लीही. सोमवारी पहाटे मी उठून बघते तर सुऱ्या, कात्री, सोलाणं, किसणी, एवढंच काय माझं नेलकटरसुद्धा टॉवेलात गुंडाळून कपाटावर. नागपंचमीला घरात चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. नागाला इजा होते. सगळं उकडून करायचं. त्यांनी पुरण शिजवून दिंडं केली होती, आणि ती माझ्या मोदकपात्रात उकडून ठेवली होती. हे मोदकपात्र माझ्या आईने लग्नात दिलेलं, तांब्याचं. विमानात मांडीवर घेऊन आणलेलं.

पूजा झाली. पेटीसमोर दुधाची वाटी आणि दिंडाचा नैवेद्य. मी म्हटलं, आता तुम्ही जेवून घ्या. त्या म्हणाल्या, "तो जेवला की मी जेवेन."

हे मला आधीच कळायला हवं होतं. मी समजावलं, चिडले, मीटर आणून बोटाला टोचलं. सकाळचं इन्सुलिन टोचून झालेलं, आणि साखरेचा आकडा खाली चालला होता. दुधाची वाटी उचलून म्हटलं, हा प्रसाद आहे, प्रसादाला नाही म्हणू नये. सासूबाई म्हणाल्या, त्याने तोंड लावलेलं नाही, मग प्रसाद कसा? साप दूध पीत नाही, मी झूलॉजी केलंय, असं मी ठणकावून सांगितलं. तेही त्यांना ठाऊक होतं. आमच्या गावात ते पोरांनाही कळतं, म्हणाल्या, पण वाटी ठेवायची असते.

दुपारचे बारा वाजून गेले होते. त्या सोफ्यावर बसल्या होत्या, कपाळाला घाम होता आणि हात किंचित थरथरत होते. माझी घाबरगुंडी उडाली. साप गेला तर गेला, पण यांना काही झालं तर मी नवऱ्याला काय तोंड दाखवू? आणि नवऱ्याचं जाऊ द्या, मलाच त्या हव्या होत्या. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एप्रिलमध्ये मी त्यांच्या जाण्याचे दिवस मोजत होते, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या साखरेसाठी एका अजगराच्या पाया पडायला तयार होते.

मी बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि नवऱ्याच्या दाढीच्या सामानातलं ब्लेड काढलं. कपाटावर चढवायचं एवढं एकच राहिलं होतं. मगमधला उंदीर काढला, बेसिनच्या कडेवर ठेवला, डोळे अर्धे मिटले. तेवढ्यात दार उघडलं. कडी लागत नव्हती, हे मी विसरले होते.

सासूबाई दारात उभ्या. त्यांनी ब्लेडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. नुसता हात पुढे केला. मी ब्लेड त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी ते शेल्फवर ठेवून दिलं आणि उंदीर उचलला. जन्मात अंड्याला हात न लावलेल्या बाईने मेलेला उंदीर तळहातावर घेतला, वर दुसरा हात ठेवला आणि तशाच थांबल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "हा गार आहे."

मी म्हटलं, हो, नळाचं पाणी.

"चारही वेळा असाच गार दिलास?"

मी मान खाली घातली. त्या वळल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. मोदकपात्रातली उरलेली दिंडं ताटात काढली, खालचं पाणी उकळवलं, शेगडी बंद केली. उंदीर पिशवीत गुंडाळून जाळीवर ठेवला आणि वर झाकण घातलं. मी बघतच राहिले. माझ्या आईचं मोदकपात्र, नागपंचमीचा दिवस, गणपतीचं वाहन, आणि ते वाफवणारी बाई माळकरी. आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही.

पाच मिनिटांनी त्यांनी झाकण काढलं, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितलं, बाळाचं दूध बघतात तसं. मग चिमट्याने उंदीर पेटीत धरला. फेकला नाही, पळाल्या नाहीत, तशाच धरून उभ्या राहिल्या. सापाने जीभ काढली. पुढे आला. मी मनातल्या मनात म्हटलं, फिरव आता मान, फिरवच, मग बघते तुझ्याकडे. त्याने मान मागे घेतली, आणि पुढच्या क्षणी चिमटा रिकामा होता.

मी ओरडले आणि सासूबाईंना मिठी मारली. त्यांनी मारली नाही. त्या पेटीजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि तो गिळेपर्यंत बघत राहिल्या. बराच वेळ लागला त्याला. शेपटी दिसेनाशी झाली तेव्हा त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"दवाखाना लांब होता. दोन बस बदलायला लागायच्या मला. जानेवारीची थंडी. वहिनी तिथेच राहायची, खालच्या खानावळीतून गरम आणायची." मग म्हणाल्या, "माझा डबा गार झालेला असायचा गं."

त्यांचं जेवण व्हायला हवं होतं, तेवढंच डोक्यात होतं. मी पटकन ताट वाढलं. दिंडं सकाळपासूनची, दगड झालेली. मोदकपात्र तर आता कायमचं सापाचं झालं होतं. म्हटलं, दोन मिनिटं थांबा, मायक्रोवेव्हमध्ये गरम करते.

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि ताट माझ्या हातून ओढून घेतलं. "आज मी गारच खाते."